गायक मिळाला, ठेका गेला: जेनेसिसच्या शेवटच्या अल्बमचं प्रकरण

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भजनी मंडळ असो, लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो की गणपतीतली बेंजो पार्टी, मुख्य गाणारा सोडून गेला की बाकीचे आधी नव्याची पट्टी, म्हणजे तो कुठल्या सुरात गातो ते, विचारतात. "बुवा, तुमची पट्टी कुठली?" "काळी तीन." "आम्ही काळी चारला गातो की." मग पेटीवाला स्केल सरकवतो, पखवाजवाला हातोडी काढून गट्टे ठोकतो आणि दहा मिनिटांत नवीन बुवा बसले असं सगळे धरून चालतात. खरंच बसलेत की नाही, ते तीन महिन्यांनी सप्ताहाच्या जागरात कळतं.

तीस वर्षं मुरलेल्या एका इंग्लिश बँडनं १९९७ साली हीच चूक केली. बँड जेनेसिस, अल्बम 'कॉलिंग ऑल स्टेशन्स', आणि तोच त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. अल्बम पडला तो नवीन गायकामुळं, असं आजही सर्रास बोललं जातं. गाणी नीट कान देऊन ऐकली की हे खापर चुकीच्या डोक्यावर फुटलंय असं दिसतं.

काय घडलं

जेनेसिसची सुरुवात १९६७ ची, सरे परगण्यातल्या चार्टरहाउस शाळेतली. लांबलचक गाणी, मध्येच बदलणारे ताल, कीबोर्डचे थरावर थर, असा अस्सल प्रोग्रेसिव्ह रॉक. फिल कॉलिन्स १९७० मध्ये ड्रमर म्हणून आला. १९७५ मध्ये गायक पीटर गेब्रियल गेला, १९७७ मध्ये गिटारवाला स्टीव्ह हॅकेट गेला. उरले तिघे: कीबोर्डवर टोनी बँक्स, गिटार आणि बासवर माइक रदरफर्ड, ड्रम आणि गळा कॉलिन्सचा. या तिघांनी आवाज आटोपशीर केला, गाणी छोटी केली, आणि १९८० च्या 'ड्यूक'पासून १९९१ च्या 'वी कान्ट डान्स'पर्यंत ओळीनं पाच अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले.

मार्च १९९६ मध्ये कॉलिन्स बँड सोडत असल्याचं जाहीर झालं. बँक्स आणि रदरफर्डनी दुकान बंद केलं नाही. स्टिल्टस्किन या बँडचा स्कॉटिश गायक रे विल्सन घेतला. या बँडचं 'इनसाइड' हे गाणं १९९४ मध्ये जीन्सच्या जाहिरातीतून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. ड्रमसाठी नीर झिद्क्याहू आणि निक डिव्हर्जिलियो असे दोन पाहुणे बोलावले. १ सप्टेंबर १९९७ ला अल्बम निघाला. अकरा गाणी, सुमारे ६७ मिनिटं. ब्रिटनमध्ये दुसरा क्रमांक मिळाला, अमेरिकेत ५४ वा. आधीचा 'वी कान्ट डान्स' अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर होता. अमेरिकेचा दौरा तिकिटं न खपल्यानं आधी लहान सभागृहांत आणला, मग रद्दच केला. युरोपचा दौरा जानेवारी ते मे १९९८ मध्ये पार पडला. विल्सनला घेऊन दुसरा अल्बम कधी झालाच नाही.

काय जागचं हललं नाही

आवाज का बदलला हे शोधायचं तर आधी काय बदललं नाही ते बघावं लागतं. पंप बिघडला की आपला उद्यमबागेतला मेकॅनिकसुद्धा आधी कुठला पार्ट जुनाच आहे ते विचारतो.

इथं बरंच काही जुनंच होतं. स्टुडिओ तोच, सरेमधला 'द फार्म', बँडच्या स्वतःच्या मालकीचा. निर्मितीला बँडसोबत निक डेव्हिस, तोच माणूस 'वी कान्ट डान्स'लाही होता. बँक्सचे कीबोर्ड तेच, रदरफर्डची गिटार तीच, आणि दोघांना एकमेकांची तीस वर्षांची सवय. म्हणजे १९९१ आणि १९९७ चे अल्बम शेजारी शेजारी ठेवले तर मोठा फरक एकाच माणसाचा निघतो. पण तो माणूस दोन जागांवर बसत होता आणि भरती फक्त एका जागेची झाली. गळ्याची जागा विल्सनला मिळाली. ठेक्याची जागा पाहुण्यांकडं गेली.

तिसरी एक जागा होती, ती कागदावर कुठंच नव्हती. १९८३ च्या अल्बमपासून तिघांनी घरून तयार गाणी आणणं सोडलं होतं. स्टुडिओत रिकाम्या हातानं बसायचं, कुणीतरी ठेका किंवा एखादा आवाज धरायचा, आणि कॉलिन्स अर्थ नसलेल्या अक्षरांत वरून गात राहायचा. जे गाता येतं ते ठेवायचं, गळ्यात बसत नाही ते टाकायचं. गाण्याची पहिली चाळणी गायकाचा गळा, आणि ती पहिल्या तासापासून चालू. 'नो सन ऑफ माइन'च्या सुरुवातीचा हत्ती ओरडल्यासारखा आवाज हा रदरफर्डची गिटार बँक्सनं सॅम्पल करून, म्हणजे तिचा तुकडा यंत्रात नोंदवून, संथ केलेला आहे. असली गंमत तिघे एका खोलीत असले तरच सापडते.

१९९६ मध्ये ही खोली दोघांची झाली. संगीत बरंचसं बांधून झाल्यावर विल्सन आला. अकरापैकी तीनच गाण्यांच्या लेखनात त्याचं नाव आहे: 'नॉट अबाउट अस', 'स्मॉल टॉक' आणि 'देअर मस्ट बी सम अदर वे'. बाकी आठ गाण्यांत तो तयार चालीवर बसवलेला पाहुणा आहे. आपल्याकडं नवीन बुवाला जुन्या बुवाच्या वहीतले अभंग त्याच चालीत गायला लावतात, तसंच काहीसं.

ठेका

इथं जरा थांबायला हवं, कारण खरं नुकसान इथलं आहे आणि बोललं मात्र गळ्याबद्दल जातं.

कॉलिन्स गायक होण्याआधी ड्रमर होता, आणि जेनेसिसची अवघड गाणी लोकांच्या पायात उतरली ती त्याच्यामुळं. 'टर्न इट ऑन अगेन' (१९८०) हे गाणं तेरा मात्रांच्या आवर्तनाचं आहे. टाळ्या वाजवायला जा, दुसऱ्याच आवर्तनात हात चुकतो. तरीही ते नाचायचं गाणं म्हणून चाललं, कारण ड्रम सरळ चालत राहतो आणि वाढीव मात्रा कुठं गिळली ते कळू देत नाही. भजनी ठेक्यात मुरलेला पखवाजवाला बुवांचा तोल जातोय असं दिसलं की आवर्तनाच्या शेवटी दोन बोल इकडं तिकडं करून सम सांभाळून घेतो, तो हाच गुण. हा गुण गाणं बांधतानाच लागतो. मागून येऊन तो घालता येत नाही.

मशीनवर बोट ठेवणं सोपं आहे, पण तेही पूर्ण खरं नाही. १९८३ च्या 'मामा'चा पाया ड्रम मशीनच आहे, आणि तो ठेका रदरफर्डनं लावलेला. पण त्या गाण्यात मशीन मिनिटांमागून मिनिटं नुसती टिकटिकत राहते, ताण वाढत जातो, आणि शेवटाकडं कॉलिन्सचे खरे ड्रम कोसळतात तेव्हा छातीत धडकी भरते. मशीन तिथं वाट बघायला लावते. 'कॉलिंग ऑल स्टेशन्स'मध्ये बांधणीच यांत्रिक ठेक्यांवर झाली आणि ड्रमर नंतर आले, त्यामुळं बहुतेक गाण्यांत ड्रम दिलेल्या चौकटीत चोख बसतात आणि चौकट मात्र हलवत नाहीत. 'इफ दॅट्स व्हॉट यू नीड', 'अनसर्टन वेदर' आणि 'स्मॉल टॉक' या तीन गाण्यांत आणि 'एलियन आफ्टरनून'च्या पहिल्या भागात डिव्हर्जिलियो आहे, बाकी सगळीकडं नीर. दोघेही पट्टीचे वादक. 'द डिव्हायडिंग लाइन' ऐका: पावणेआठ मिनिटांच्या या गाण्यात नीरला मोकळं सोडलंय आणि अख्खा बँड अचानक दहा वर्षांनी तरुण वाटतो. एवढा हात उपलब्ध होता, तो एकाच गाण्यात का सोडला, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतोच.

परिणाम असा की अल्बमभर गती मध्यम राहते, रंग गडद राहतो आणि एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना पावलाखालची जमीन बदलत नाही. शीर्षकगीत जड गिटारवर संथ चालतं आणि छान चालतं. पण त्याच ओझ्याखाली आणखी सात-आठ गाणी चालली की कान दमतो. त्याच काळात त्यांनी '७/८' नावाची, सात मात्रांच्या चालीची एक वाद्यरचनाही केली होती. ती अल्बमवर आली नाही, सिंगलच्या मागच्या बाजूला गेली. ज्या बँडची ओळखच वाकड्या तालांची, त्यानं आपला वाकडा ताल फडताळात ठेवला.

गळा

विल्सनचा गळा कमी नव्हता, वेगळ्या उंचीवरचा होता. कॉलिन्सचा आवाज वरचा, किंचित नाकातला, कडांचा. बँक्सचे कीबोर्ड कितीही दाट पसरले तरी तो त्यांच्यावरून तरंगत जायचा. विल्सनचा आवाज खालचा, खरखरीत, धुराच्या वासाचा. २०० ते ४०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) ज्या पट्ट्यात त्याच्या आवाजाचं वजन आहे, तिथंच बँक्सचे लांब धरलेले सूर आणि रदरफर्डची भरीव गिटार बसलेली. दोन म्हशी एकाच दारातून शिरायला लागल्या की दोन्ही अडकतात.

आपल्याकडं मंगल कार्यालयात किंवा पत्र्याच्या मंडपात हा गोंधळ आणखी वाढतो, कारण पत्रा आणि फरशी नेमका हाच पट्टा घुमवतात. मिक्सरवाला काय करतो? गायक ऐकू येत नाही म्हणून गायकाचा फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, वर नेतो, मग माइक शिट्टी घालतो. उपाय उलट्या बाजूनं करायचा. गायकाला हात लावू नका. कीबोर्डच्या चॅनलवर २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल कापा, गिटारचा खालचा भाग १०० हर्ट्झखाली बंद करा, आणि एवढ्यानं भागलं नाही तर कीबोर्डवाल्याला डावा हात उचलायला सांगा. हा शेवटचा उपाय सगळ्यात गुणकारी आणि सगळ्यात भांडणाचा.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व या बाबतीत आठवतात. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद पडलं. परत गायला बसले तेव्हा जुनी लांब दमसास असलेली गायकी त्या दमात कोंबली नाही. छोटे, धारदार तुकडे, मध्ये अर्थपूर्ण मोकळ्या जागा, अशी मांडणीच नव्यानं घडवली. गळा बदलला म्हणून घर बदललं. बँक्स आणि रदरफर्डनी घर तसंच ठेवलं आणि नवीन माणसाला जुन्या खाटेवर झोपवलं.

१९७५ शी तुलना केली की हे आणखी लख्ख दिसतं. गेब्रियल गेल्यावरही बऱ्याच गायकांच्या चाचण्या झाल्या, आणि शेवटी गळा घरातच सापडला. कॉलिन्स तोवर पाच वर्षं बँडमध्ये होता, गेब्रियलच्या मागं सूर धरत होता, १९७१ आणि १९७३ च्या अल्बमवर एकेक गाणं पुढं येऊन गायलाही होता. १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' त्यामुळं गायक बदलूनही जेनेसिसच वाटला. मैफलीत ड्रमवर बाहेरचा माणूस आणला, आधी बिल ब्रुफर्ड आणि १९७७ पासून चेस्टर थॉम्पसन. स्टुडिओत मात्र ठेका कॉलिन्सकडंच राहिला. बाहेरचा माणूस कुठल्या जागेवर घेतला, यावर सगळं फिरलं.

पट्टी खाली घेताना

१९९८ च्या युरोप दौऱ्यात जुनी गाणी विल्सनच्या गळ्यासाठी खालच्या पट्टीत घेतली गेली. गिटारला अँथनी ड्रेनन, ड्रमला नीर. हे काम आपल्या ऑर्केस्ट्रातही दर हंगामाला होतं, आणि दर हंगामाला त्याच चार ठिकाणी फसतं.

कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो. बटणानं सगळंच खाली जातं, म्हणजे जो थर आधी गायकाच्या वर होता तो त्याच्या अंगावर येऊन बसतो. त्यापेक्षा हातानं नव्या पट्टीतले स्वरमेळ वाजवावेत आणि त्याच स्वरमेळातल्या सुरांची जवळची उलटापालट निवडावी. मूळ गाणं पांढरी तीनचं असेल आणि पांढरी एकला आणायचं असेल, तर वरचा सूर जवळपास जागेवर ठेवून फक्त मूळ सूर खाली न्यायचा. थर जागचा हलत नाही, पट्टी बदलते.

गिटारचं दुखणं मोकळ्या तारांचं. मूळ गाण्यातला मोकळ्या तारांचा झंकार नव्या पट्टीत हरवतो. दोन अर्ध्या सुरांपर्यंत सगळ्या तारा उतरवता येतात, पण १० नंबरच्या तारा तेवढ्या सैल केल्या की त्या लोळतात आणि आवाज बेसूर डुलतो. ११ किंवा १२ चा जाड संच घालावा. त्याहून खाली जायचं असेल तर तारा न उतरवता कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका घरावर दाबून धरणारा चिमटा: पांढरी एकचं गाणं पांढरी सहाच्या आकारांत धरून तिसऱ्या घरावर कॅपो लावला की मोकळा झंकार परत मिळतो. बेंजोवाल्यांना ही सोय नाही. तारा उतरवल्या की बेंजोचा खणखणीतपणा गेलाच.

बास गिटारची सर्वात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची. गाणं चार अर्ध्या सुरांनी खाली आणलं की तोच सूर ३३ हर्ट्झच्या आसपास जातो. चार तारांच्या बासवर तो नाहीच, आणि पाच तारांची बास आणली तरी गावातले पंधरा इंची स्पीकर तिथं नुसता वारा घालतात. म्हणून तो सूर वरच्या सप्तकात घ्यावा, लाज वाटून घेऊ नये.

पखवाज आणि तबला एखाद-दोन सुरांपुरते ऐकतात. त्यापलीकडं गट्टे ठोकत गेलं तर पुडी फाटते, आणि उतरवत गेलं तर बोल मरतो. वेगळं भांडंच लागतं. पखवाजाची धूम कणकेच्या आकारावर थोडी फिरते, पण ओली कणीक जागरणात वाळत जाते आणि रात्री दोनला आवाज चढलेला सापडतो. पेटीत स्केल बदललं की खालच्या सप्तकातल्या पट्ट्या उशिरा बोलतात, जलद तानेत मागं पडतात, आणि मग नवीन बुवा रेंगाळतात असा बोल बुवांना लागतो.

पट्टी ठरवायची वेळही महत्त्वाची. पहिल्या दिवशी, ताज्या गळ्यावर, चहा व्हायच्या आत ठरवलेली पट्टी हमखास अर्धा-एक सूर चढी असते. दोन तासांच्या तालमीच्या शेवटी गाण्यातला सर्वात वरचा सूर तीनदा लावून बघावा, तिसऱ्यांदा जिथं सहज लागला ती पट्टी. आणि सगळी गाणी एकाच मापानं खाली आणू नयेत. काही गाण्यांत वरचा सूर एकदाच येतो, तेवढ्यासाठी अख्खं गाणं गाळात नेण्यात अर्थ नाही. तो सूर कोरसला द्यावा.

बाजाराचं कारण

अपयशाचं सगळं गणित आवाजावर मांडलं तर अन्याय होईल. १९९७ पर्यंत रेडिओचा कान बदलला होता. लांब, उदास, गुंतागुंतीचं रॉक ऐकणाऱ्यांना त्याच वर्षी रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' मिळाला, तोही त्यांच्याच पिढीच्या माणसांकडून. अमेरिकेत कॉलिन्सचा चेहरा म्हणजेच जेनेसिस असं समीकरण झालेलं, त्यामुळं पोस्टरवर तो नसला की तिकीट कशाला काढायचं. ब्रिटनमधला दुसरा क्रमांक जुन्या श्रोत्यांच्या भरवशावर आला, अमेरिकेत तो भरवसा कमी होता. पण बाजारानं अल्बम किती खपला एवढंच ठरवलं. तो एकाच रंगाचा का झाला, हे स्टुडिओतच ठरलं होतं.

२००७ मध्ये निक डेव्हिसनं हा अल्बम नव्याने मिक्स केला, १९८३ ते १९९८ मधल्या अल्बमांच्या संचासाठी. आवाजाची पुनर्मांडणी करून जागा करता येते, ठेका कुठून आणायचा? 'वन मॅन्स फूल' हे जवळपास नऊ मिनिटांचं शेवटचं गाणं मात्र कुठल्याही मिक्समध्ये ऐकण्यासारखं आहे. तिथं मध्यावर गाणं खरोखर कूस बदलतं, आणि हा गायक या बँडला काय देऊ शकला असता त्याचा अंदाज येतो.

त्याच वर्षी कॉलिन्स परत आला. दौऱ्यात तो गायला आणि चेस्टर थॉम्पसनबरोबर ड्रमही वाजवला. पट्ट्या याही वेळी खालीच घ्याव्या लागल्या, कारण आता त्याचाही गळा उतरला होता, आणि त्यावर कुणी तक्रार केली नाही. २०२१-२२ च्या शेवटच्या दौऱ्यात त्याला उभंही राहवत नव्हतं, खुर्चीत बसून गायला. ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. २६ मार्च २०२२ ला लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. या दोन्ही दौऱ्यांत 'कॉलिंग ऑल स्टेशन्स'मधलं एकही गाणं वाजलं नाही.